भिजलेला डोंगर आणि भूकंपाचा धक्का : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकात गोव्यातल्या डोंगरउतारावरच्या घरांविषयी प्रश्न मागवले होते. पत्रे बरीच आली आणि त्यांतली बहुतेक पावसाविषयी होती. भूकंपाचा उल्लेख थोड्यांनीच केला होता. या वेळी ती थोडी पत्रे आधी घेतली आहेत, कारण पावसाच्या प्रश्नांची उत्तरेही त्यांच्यातून निघतात.

प्रश्न : सत्तरीत दरडी कोसळतात त्या पावसाने. भूकंपाचा धक्का इथे क्वचित आणि तोही लांबचा जाणवतो. मग दोन्हींचा एकत्र विचार कशासाठी करायचा? (वाळपई)

कारण दोघांची वजाबाकी एकाच शिलकेतून होते.

उतारावरची माती दोन गोष्टींच्या बळावर टिकून असते. एक म्हणजे मातीचा आपसातला चिकटपणा आणि दुसरी म्हणजे कणांमधले घर्षण. कण एकमेकांवर जितके घट्ट दाबलेले, तितके घर्षण जास्त. पाऊस मुरून कणांमधल्या पोकळ्या भरल्या की पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटे करू पाहतो. मातीचे वजन तेवढेच राहते, उलट थोडे वाढते, पण धरून ठेवणारे घर्षण घटते. भूकंप वेगळ्या वाटेने येतो. तो मातीला आडवा हिसका देतो. त्यामुळे खाली ओढणारा जोर वाढतो आणि कणांवरचा दाबही किंचित कमी होतो.

हे आकड्यांत पाहा. उतार ३० अंशांचा आहे, खडकावर ३ मीटर जाडीचा मातीचा थर आहे, चिकटपणा १० किलोपास्कल आणि घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचे माप) ३० अंश आहे. धरून ठेवणाऱ्या बळाला खाली ओढणाऱ्या बळाने भागले की सुरक्षा गुणांक मिळतो. तो १ च्या खाली गेला की उतार सुटतो.

माती कोरडी असताना गुणांक १.४३ येतो. थराच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी साचले तर तो १.१५ होतो, म्हणजे उतार अजून उभा आहे. माती कोरडी असताना भूकंप झाला तर १.२१, म्हणजे तेव्हाही उभा. निम्मे पाणी साचलेले असताना तोच भूकंप झाला तर ०.९७. उतार खाली.

भूकंपासाठी इथे वजनाच्या ८ टक्के आडवा जोर धरला आहे. आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतो. त्या झोनचा गुणक ०.१६ आहे आणि नेहमीच्या रचनेसाठी त्याचा अर्धा घेतात. तेव्हा हा आकडा अतिशयोक्तीचा नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पणजीपासून सुमारे २०० किलोमीटरवर झाला होता. तो आला तेव्हा पावसाळा संपून दोन महिने उलटले होते. भूकंप महिना बघून येत नाही, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने डोंगर भिजलेले असतात.

याच हिशेबात आणखी एक आकडा आहे आणि आमच्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. चर आणि निचऱ्याचे पाइप घालून साचलेल्या पाण्याची उंची दीड मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणली, तर त्याच भूकंपात गुणांक ०.९७ ऐवजी १.१३ राहतो. भूकंप थांबवणे आपल्या हातात नाही, पाणी काढणे आहे. गोव्यात डोंगराला भूकंपापासून वाचवण्याचे पहिले काम गटाराचे आहे.

या गणितात एक गोष्ट धरलेली नाही. सैल आणि पूर्ण भिजलेली माती हादरली की कण खाली बसू पाहतात, पाण्याला निघायला वाट नसते आणि त्याचा दाब क्षणात वाढतो. त्यामुळे भरावाची माती असेल तर खरा गुणांक वर दिलेल्यापेक्षाही कमी येईल.

प्रश्न : घराच्या मागे डोंगर कापून ३ मीटर उंचीची उभी भिंत करायची आहे. ठेकेदार म्हणतो, चिरे पक्के आहेत, ९ इंची भिंत पुरेल. भूकंपासाठी वेगळे काही करावे लागेल का? (पर्वरी)

९ इंची भिंत कुंपणाची असते. माती अडवायला ती चालत नाही, भूकंप असो वा नसो.

आधी कापण्याविषयी. आपल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, वरचा जांभा कडक असतो. त्यात सरळ उभे कापले तरी तो वर्षानुवर्षे उभा राहतो, आणि फसगत होते ती तिथेच. जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी फिकट, पांढरट-पिवळसर किंवा जांभळट, बोटांत चोळली की गुळगुळीत लागणारी माती असते. तिला लिथोमार्ज म्हणतात. कोरडी असताना ती कुदळीला दाद देत नाही, भिजली की हातात चिखल होते. कापताना ही माती उघडी पडली की पावसात ती पायथ्याशी झिजते आणि वरचा जांभ्याचा ठोकळा अधांतरी राहतो. अशा ठोकळ्याला हलका धक्काही पुरतो. तेव्हा जेसीबी लावण्याआधी कापायच्या जागेत एक चाचणी खड्डा खणा आणि फिकट थर किती खोलीवर लागतो ते पाहा. गोव्यात डोंगर कापायला नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली परवानगी लागते. ती आधी घ्या.

आता भिंत. ३ मीटर भिंतीच्या मागे मुरमाचा कोरडा भराव असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे २.७ टनांचा रेटा येतो. वर धरलेला भूकंप आला तर तो ३.१ टन होतो. आणि भूकंप नसतानाही मागे पाणी माथ्यापर्यंत तुंबले तर तो ५.९ टन होतो. भूकंपाने रेटा साधारण १५ टक्के वाढतो, पाण्याने दुपटीहून अधिक. ठेकेदाराला हे तीन आकडे दाखवा.

दगडी वजनी (स्वतःच्या वजनाने माती अडवणाऱ्या) भिंतीच्या तळाची रुंदी उंचीच्या ०.६ पट, म्हणजे ३ मीटरला १.८ मीटर धरा. माथा ४५ ते ६० सेंटीमीटर असू द्या आणि पाया पक्क्या जमिनीत निदान ६० सेंटीमीटर खाली न्या. पायाच्या खड्ड्यात फिकट माती लागली तर तिथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. उंची ३ मीटरच्या वर जात असेल तर आरसीसी भिंतीचे डिझाइन करून घ्या. त्यात भूकंपाचा रेटा धरला आहे का, हे स्पष्ट विचारा.

भिंतीमागे पूर्ण उंचीभर ३० सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर हवा. खडी २० ते ४० मिलिमीटरची, आणि माती व खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) कापड. तळाशी भोके पाडलेला ११० किंवा १५० मिलिमीटरचा पाइप, १०० ला १ उतार देऊन भिंतीच्या टोकापलीकडे काढलेला. भिंतीत ७५ मिलिमीटरचे पाइप दीड-दीड मीटरवर, ओळी एकाआड एक सरकवलेल्या, तोंड बाहेरच्या बाजूला उतरते. सर्वांत खालची ओळ जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर ठेवा. भराव मुरमाचा, २०-२० सेंटीमीटरच्या थरांत धुम्मस करून. कापताना निघालेली चिकण माती परत मागे ढकलू नका.

बिघडते ते बहुधा चारच ठिकाणी. कापडाचे पैसे वाचवले जातात आणि दोन पावसाळ्यांत खडी मातीने गच्च होते. पाइपाचे आतले तोंड खडीत न ठेवता मातीतच टेकवले जाते. प्लास्टर करताना भोके बुजतात. आणि छपराचे पाणी भिंतीच्या माथ्यावरच सोडले जाते. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावरून त्याचे ३ लाख लिटर पाणी होते.

मे महिन्यात भिंतीच्या माथ्यालगत खडीच्या थरात दोन-तीन बादल्या पाणी ओता. काही मिनिटांत खालून पाणी आले पाहिजे. भर पावसात वरची जमीन पायाखाली दबते आहे आणि भिंतीची भोके मात्र कोरडी आहेत, असे दिसले तर भिंत कोरडी आहे असे समजू नका. पाणी मागे अडकले आहे.

प्रश्न : घराच्या वर साधारण १५ मीटरवर जमिनीला हाताएवढी लांब भेग दिसते. सिमेंट ओतून बुजवावी का? (काणकोण)

सिमेंट नको. जमीन किंचित जरी सरकली तरी सिमेंट तडकते आणि बाजूने नवी फट पडते. भेग ६० सेंटीमीटर खोलीपर्यंत मोकळी करा, मळलेली चिकण माती थराथराने ठासून भरा, वर थोडा उंचवटा ठेवा आणि ताडपत्री टाका. ताडपत्रीची वरची कड जमिनीत पुरा, नाहीतर पाणी तिच्याखालूनच जाते.

पण बुजवण्याआधी मोजमाप लावा. भेगेच्या दोन्ही बाजूंना भक्कम खुंट्या ठोका, प्रत्येकीवर एक खिळा मारा आणि दोन खिळ्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. पुढे दर आठवड्याला, मोठ्या पावसानंतर आणि कोणताही धक्का जाणवल्यावर मोजा. अंतर वाढत नसेल तर ती उन्हाने पडलेली भेग असू शकते. पावसात अंतर वाढत असेल, भेग उताराला आडवी आणि कमानीसारखी वळलेली असेल, खालच्या बाजूची जमीन दबलेली असेल, तर तो डोंगर सुटण्याच्या तयारीत आहे. असे दिसले की खालचे घर लगेच रिकामे करा आणि तलाठी, पंचायत व अग्निशमन दलाला त्याच दिवशी कळवा. मोजण्यासाठी भेगेखालच्या बाजूला उभे राहू नका.

भूकंपानंतर भेगा कुठे शोधायच्या हेही सांगायला हवे. पावसाच्या दरडी बहुधा ओहोळाच्या घळीत, खोलगट जागी आणि पायथ्याजवळ सुरू होतात, कारण पाणी तिथे जमते. भूकंपाचा हादरा मात्र डोंगराच्या धारेवर आणि सड्याच्या कडेला जास्त बसतो. त्यामुळे पावसाळ्यात एरवी कुणी फिरकत नाही अशा वरच्या कडा भूकंपानंतर आधी तपासाव्या लागतात.

प्रश्न : कुळागराला (सुपारीच्या बागेला) पाणी नेणारा मातीचा पाट घरावरच्या उतारावरून जातो. शिवाय वर समतल चर खणून पाणी जिरवायचा विचार आहे. यात धोका आहे का? (केपे)

आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे सौम्य उताराच्या, उथळ मातीच्या माळाला लागू पडते. जाड मातीच्या उभ्या उतारावर, तेही खाली घर असताना, पाणी जिरवणे म्हणजे वरच्या हिशेबातला १.४३ आपल्या हातांनी १.१५ वर आणणे. अशा ठिकाणी चर हवा तो पाणी बाहेर वाहून नेणारा.

तो असा करा. कापलेल्या कडेपासून किंवा घरामागच्या उताराच्या माथ्यापासून २ ते ३ मीटर मागे, काँक्रीट किंवा चिऱ्यांचे प्लास्टर केलेले गटार, १०० ला १ उतार. वरून २,००० चौरस मीटर जागेचे पाणी येत असेल आणि तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर सेकंदाला सुमारे ५५ लिटर पाणी वाहते. ३० बाय ३० सेंटीमीटरचे गटार तेवढे नेते. तरी ४५ बाय ४५ चेच करा, कारण काजू-आंब्याचा पाला पहिल्या सरीतच निम्मे गटार अडवतो. अस्तर न केलेले मातीचे गटार मात्र करू नका. ते उताराच्या नेमक्या नाजूक जागी पाणी मुरवते. गटाराचे शेवटचे टोक ओहोळापर्यंत न्या, शेजाऱ्याच्या भाटात सोडू नका.

पाटाला घराच्या वरच्या भागापुरते तरी अस्तर करा, किंवा तेवढ्यात पाइप घाला. गळती हा पावसाइतकाच गंभीर प्रश्न आहे. २८ सप्टेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील पालू इथे ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथली जमीन अवघी काही अंश उतरती होती, पण शेतीच्या कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे मुरून ती भिजलेली होती. पेतोबोसारख्या वस्त्या चिखलाबरोबर शेकडो मीटर वाहून गेल्या. सेप्टिक टाकीच्या शोषखड्ड्याचेही तसेच. पाच माणसांच्या घरातून रोज ६०० लिटरच्या वर पाणी जाते. तो खड्डा कापलेल्या कडेच्या माथ्यावर कधीही घेऊ नका.

झाडांविषयी एकच सांगतो. उतारावरचे जुने काजू एकदम तोडू नका. मुळे कुजायला काही वर्षे लागतात आणि उतार सर्वांत कमजोर होतो तो तोडणीनंतर काही वर्षांनी, जेव्हा तोडणी कुणाच्या लक्षातही नसते. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. लागवड पहिल्या पावसात करा.

प्रश्न : पाऊस आणि भूकंप खरोखर एकत्र आल्याची उदाहरणे कोणती? आधी भूकंप आणि मग पाऊस असे झाले तर? (मडगाव, स्थापत्यशाखेची विद्यार्थिनी)

जपानमध्ये २० ऑक्टोबर २००४ च्या सुमारास टोकागे वादळाने जोरदार पाऊस दिला आणि २३ ऑक्टोबरला चुएत्सु भागात भूकंप झाला. यामाकोशीच्या डोंगरांत हजारो दरडी कोसळल्या आणि नद्या अडून तात्पुरते तलाव झाले. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०११ चा सिक्कीमचा ६.९ तीव्रतेचा भूकंप पावसाळ्याच्या शेवटी, डोंगर भिजलेले असताना आला. रस्ते दरडींनी बंद झाल्यामुळे मदत पोचायलाच वेळ लागला.

उलट क्रमाचा धोका जास्त दिवस टिकतो. हादऱ्याने उतार सैल होतो, भेगा पडतात, त्यांतून पुढच्या पावसाचे पाणी थेट खोल जाते, आणि घळींत सुटा राडारोडा साठून राहतो. तैवानमध्ये १९९९ च्या ची-ची भूकंपानंतर पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी पावसात दरडी येऊ लागल्या आणि पूर्वस्थिती यायला वर्षे लागली. चीनमध्ये १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपाचा राडारोडा ऑगस्ट २०१० च्या पावसात चिखलाचे लोंढे होऊन खाली आला. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ नंतरचा पावसाळाही तसाच गेला.

पण डोंगर कोरडा म्हणजे निर्धोक, असा नियम काढू नका. १३ जानेवारी २००१ चा एल साल्वादोरचा भूकंप तिथल्या कोरड्या ऋतूत झाला, तरी लास कोलिनासच्या एकाच दरडीने शेकडो माणसे गाडली. धक्का पुरेसा मोठा असेल तर पाण्याची गरज पडत नाही. तुमच्या प्रकल्पात कोरडा, निम्मा भिजलेला आणि पूर्ण भिजलेला असे तीन प्रसंग भूकंपासह आणि भूकंपाविना, म्हणजे एकूण सहा वेळा मांडा. वरच्या उदाहरणात पूर्ण भिजलेल्या उताराचा गुणांक भूकंपाविनाच ०.८९ येतो. २०१४ ची माळीण, २०२१ ची तळीये आणि २०२३ ची इर्शाळवाडी घडायला भूकंपाची गरज पडली नाही, ती यामुळेच.

प्रश्न : आमच्या वाड्याजवळ जुन्या खाणीचा मातीचा डंप आहे. त्याचा धोका आहे का? (डिचोली)

डंप हा ओतलेला, सैल ढीग असतो आणि त्याचा उतार आधीच मातीच्या स्वाभाविक कोनाच्या (सैल माती ज्याहून उभी राहू शकत नाही त्या उताराच्या) जवळ असतो. म्हणजे शिल्लक मुळातच थोडी. माथ्यावर पाणी साचते का, पायथ्याशी गढूळ झरा नव्याने फुटला आहे का, हे दर पावसाळ्यात पाहा. स्वच्छ झरा निचरा दाखवतो, गढूळ झरा आतून माती धुपत असल्याचे सांगतो. खनिज धुतल्यावर उरणाऱ्या गाळाचा तलाव असेल तर भूकंपात तो डंपापेक्षा धोक्याचा, कारण बारीक, सैल आणि भिजलेला गाळ हादऱ्याने पातळ होतो. हे घरच्या उपायांचे काम नाही. पंचायतीमार्फत खाण खात्याकडे लेखी पाहणी मागा.

प्रश्न : किती पाऊस झाला की घर सोडायचे? (पेडणे)

सगळ्या उतारांना लागू पडेल असा एक आकडा नाही, पण घरी मोजण्याची सवय लावता येते. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस. एका दिवसाच्या आकड्याइतकीच मागच्या दहा-पंधरा दिवसांची बेरीज महत्त्वाची आहे. जूनमधले १५० मिलिमीटर तहानलेली जमीन पिऊन टाकते, तेवढाच पाऊस आषाढाच्या शेवटी पडला तर त्याला जागाच उरलेली नसते. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड येऊन रेल्वेगाडी रुळांवरून घसरली, ते दिवस असेच सलग पावसाचे होते.

आकड्यापेक्षा खुणा पक्क्या. दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे, खांब किंवा माड कलणे, जोराचा पाऊस चालू असताना ओहोळ एकाएकी आटणे किंवा लालभडक होणे, वरून दगड घरंगळल्याचा आवाज येणे. यांतली एकही खूण दिसली की रात्र असली तरी निघा. ओहोळाच्या दिशेने खाली धावू नका, उताराला आडवे होऊन बाजूला सरका. संपर्कासाठी ११२.

भिजलेल्या दिवसांत भूकंपाचा धक्का जाणवला आणि घर डोंगराच्या पायथ्याशी असेल, तर हादरा थांबताच बाहेर पडा, कटिंगपासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर जा, आणि पाऊस थांबून वरच्या कडा तपासून होईपर्यंत मागच्या खोल्यांत झोपू नका. ज्या घरांना तेवढे अंगणच नाही, त्यांनी रात्र कुठे काढायची ते मे महिन्यातच शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे आणि कागदपत्रे, औषधे व बॅटरी एका पिशवीत दाराजवळ ठेवावी.